मुख्य गणांतील मूलद्रव्यांचा अभ्यास कसा करावा

आवर्तसारणीतील ११८ मूलद्रव्यांपैकी पहिला, दुसरा आणि तेरावा ते अठरावा अशा आठ गणांत येणाऱ्या मूलद्रव्यांना मुख्य गणांतील मूलद्रव्ये म्हणतात. या मूलद्रव्यांच्या अणूंत सर्वांत शेवटी भरला जाणारा इलेक्ट्रॉन बाह्यतम कवचाच्या एस किंवा पी ऑर्बिटलमध्ये जातो, म्हणून त्यांच्या दोन विभागांना एस-खंड आणि पी-खंड अशी नावे आहेत. मिठातील सोडिअम व क्लोरीन, चुन्यातील कॅल्शिअम, हवेतील नायट्रोजन व ऑक्सिजन, काचेतील सिलिकॉन, भांड्यांतील ॲल्युमिनिअम आणि सजीवांच्या देहातील कार्बन हे सारे याच गणांतील असूनही अकरावी-बारावीच्या, प्रवेश परीक्षांच्या आणि बी.एस्सी.च्या अनेक विद्यार्थ्यांना असेंद्रिय रसायनशास्त्राचा हा भाग रुक्ष वाटतो. एकेका गणाचे गुणधर्म, अभिक्रिया आणि अपवाद सुटे सुटे पाठ केले जातात, त्यांना जोडणारे कारण हाती लागत नाही आणि परीक्षा संपताच सारे विसरले जाते.

हा भाग पक्का करण्याचा मार्ग निराळा आहे. मुख्य गणांतील मूलद्रव्यांचा जवळजवळ प्रत्येक गुणधर्म हा परस्परविरोधी दिशांना ओढणाऱ्या दोन किंवा तीन राशींचा एकत्रित परिणाम असतो, आणि ज्याला नियम म्हणतात तो व ज्याला अपवाद म्हणतात तो असे दोन्ही त्याच राशींच्या कमी-अधिक प्रभावातून निर्माण होतात. म्हणून कोणतीही माहिती समोर आली की ‘येथे कोणती राशी वरचढ ठरली?’ हा प्रश्न विचारण्याची सवय विद्यार्थ्याने लावून घ्यावी. पुढील विवेचनात ही सवय कशी लावावी हे काही निवडक उदाहरणांच्या आधारे मांडले आहे.

पायाभूत राशींची ओळख

अभ्यासाची सुरुवात एखाद्या गणापासून न करता चार राशींपासून करावी. पहिली राशी म्हणजे प्रभावी केंद्रकीय प्रभार. बाह्यतम इलेक्ट्रॉनाला केंद्रकाचा पूर्ण धनप्रभार जाणवत नाही, कारण मधल्या कवचांतील इलेक्ट्रॉन त्या आकर्षणाच्या आड येतात. या आड येण्याला परिरक्षण म्हणतात, आणि परिरक्षण वजा जाता जो प्रभार उरतो तो प्रभावी केंद्रकीय प्रभार होय. दुसरी राशी अणूची किंवा आयनाची त्रिज्या, तिसरी आयनन ऊर्जा, म्हणजे वायुरूप अणूतून इलेक्ट्रॉन काढून घेण्यासाठी लागणारी ऊर्जा, आणि चौथी विद्युतऋणता, म्हणजे बंधातील इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढण्याची अणूची क्षमता.

आवर्तात डावीकडून उजवीकडे जाताना इलेक्ट्रॉन त्याच कवचात भरले जात असल्याने परिरक्षण फारसे वाढत नाही, प्रभावी प्रभार मात्र वाढत जातो. परिणामी अणू लहान होतो आणि आयनन ऊर्जा व विद्युतऋणता वाढतात. गणात वरून खाली जाताना नवे कवच जोडले जाते व बाह्यतम इलेक्ट्रॉन केंद्रकापासून दूर जातो, त्यामुळे तो काढणे सोपे होते. पहिल्या गणातील आयनन ऊर्जा पाहिल्यास लिथिअमसाठी प्रतिमोल ५२०, सोडिअमसाठी ४९६, पोटॅशिअमसाठी ४१९ आणि सीझिअमसाठी ३७६ किलोज्यूल असा उतरता क्रम दिसतो.

ही सर्वसाधारण दिशा समजल्यावर लगेच तिच्यातील खाचखळगे तपासावेत, कारण समज तेथेच पक्की होते. दुसऱ्या आवर्तात बेरिलिअमची आयनन ऊर्जा सुमारे ९०० असताना त्याच्या पुढील बोरॉनची ८०१ आहे, आणि नायट्रोजनची १४०२ असताना ऑक्सिजनची १३१४ आहे. बोरॉनमधून निघणारा इलेक्ट्रॉन पी ऑर्बिटलमधील असतो, तो एस इलेक्ट्रॉनांपेक्षा अधिक ऊर्जेच्या पातळीवर असल्याने लवकर सुटतो. ऑक्सिजनमध्ये एका पी ऑर्बिटलात दोन इलेक्ट्रॉन एकत्र राहतात, त्यांच्यातील प्रतिकर्षणामुळे त्यांपैकी एक काढणे तुलनेने सोपे जाते. पहिल्या उदाहरणात ऑर्बिटलची ऊर्जा आणि दुसऱ्यात इलेक्ट्रॉनांचे परस्पर प्रतिकर्षण ही राशी वाढत्या केंद्रकीय प्रभारावर मात करते.

एकाच अणूच्या क्रमवार आयनन ऊर्जा पाहण्याचाही सराव करावा. मॅग्नेशिअमचा पहिला इलेक्ट्रॉन काढण्यास ७३८ आणि दुसरा काढण्यास १४५१ किलोज्यूल लागतात, तर तिसऱ्यासाठी एकदम ७७३३ लागतात, कारण तिसरा इलेक्ट्रॉन आतल्या भरलेल्या कवचातून काढावा लागतो. मॅग्नेशिअम संयुगांत नेहमी दोन धनप्रभारांचा आयन का आढळतो, याचे उत्तर या तीन आकड्यांत आहे.

ऊर्जेचा हिशेब मांडण्याची सवय

एकाच राशीवरून निष्कर्ष काढणे ही या विषयातील सर्वांत सामान्य चूक आहे. लिथिअमचे उदाहरण त्या दृष्टीने फार बोधक आहे. अल्क धातूंमध्ये लिथिअमची आयनन ऊर्जा सर्वाधिक आहे, म्हणजे तो इलेक्ट्रॉन सर्वांत नाखुशीने देतो. तरीही जलीय द्रावणात त्याचा प्रमाण इलेक्ट्रोड विभव उणे ३.०४ व्होल्ट आहे, म्हणजे तो अत्यंत प्रबळ क्षपणक, दुसऱ्याला इलेक्ट्रॉन देणारा पदार्थ, ठरतो. हा विरोधाभास पूर्ण हिशेब मांडल्याशिवाय सुटत नाही.

घन धातूपासून पाण्यातील आयन तयार होण्याच्या प्रक्रियेत तीन टप्पे असतात: घनरूप धातूचे सुट्या अणूंत रूपांतर, अणूतून इलेक्ट्रॉन निघणे आणि तयार झालेल्या आयनाभोवती पाण्याचे रेणू गोळा होणे. शेवटच्या टप्प्यात जी ऊर्जा बाहेर पडते तिला सजलन ऊर्जा म्हणतात. लिथिअमसाठी पहिल्या दोन टप्प्यांना सुमारे १६० आणि ५२० किलोज्यूल लागतात, परंतु त्याचा आयन अतिशय लहान असल्याने सजलनात सुमारे ५२० किलोज्यूल परत मिळतात आणि निव्वळ खर्च १६० च्या आसपास राहतो. सोडिअमसाठी हेच आकडे सुमारे १०७, ४९६ आणि ४०६ असे आहेत, म्हणजे निव्वळ खर्च २०० च्या जवळ जातो. लिथिअमच्या बाबतीत सजलन ऊर्जा वरचढ ठरली, हा त्या कोड्याचा उलगडा आहे.

येथे आणखी एक भेद लक्षात ठेवावा. पाण्यावर सोडिअम लिथिअमपेक्षा अधिक जोमाने धावतो आणि पोटॅशिअम तर पेट घेतो. प्रक्रिया ऊर्जेच्या दृष्टीने किती अनुकूल आहे आणि ती किती वेगाने घडते हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. लिथिअमचा वितळणबिंदू सुमारे १८० अंश सेल्सिअस, सोडिअमचा ९८ आणि पोटॅशिअमचा ६३.५ आहे, अभिक्रियेच्या उष्णतेने सोडिअम व पोटॅशिअम वितळतात, त्यांचा ताजा पृष्ठभाग पाण्याला सतत मिळत राहतो आणि अभिक्रिया वेग घेते. उत्तर लिहिताना ‘अधिक क्रियाशील’ हा शब्द कोणत्या अर्थाने वापरला आहे, हे विद्यार्थ्याने प्रत्येक वेळी स्पष्ट करावे.

सतराव्या गणात फ्लोरीनबाबत याच पद्धतीचा उपयोग होतो. वायुरूप अणूने इलेक्ट्रॉन स्वीकारताना क्लोरीनमध्ये ३४९ आणि फ्लोरीनमध्ये ३२८ किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते, म्हणजे या बाबतीत क्लोरीन पुढे आहे, कारण फ्लोरीनच्या चिमुकल्या अणूत आधीच दाटीने असलेले इलेक्ट्रॉन नव्या इलेक्ट्रॉनाला दूर लोटतात. तथापि फ्लोरीनच्या रेणूतील बंध तोडण्यास केवळ १५८ किलोज्यूल पुरतात, क्लोरीनच्या रेणूला २४२ लागतात, आणि फ्लोराइड आयनाची सजलन ऊर्जाही कितीतरी अधिक आहे. सर्व मिळून फ्लोरीन हे सर्वांत प्रबळ ऑक्सिडक मूलद्रव्य ठरते. हायड्रोफ्लोरिक आम्ल मात्र हायड्रोक्लोरिक किंवा हायड्रोआयोडिक आम्लासारखे तीव्र नसते, कारण हायड्रोजन व फ्लोरीन यांच्यातील बंधाची ऊर्जा ५६५ किलोज्यूलहून अधिक असून हायड्रोजन व आयोडीन यांच्यातील बंधाची ३०० च्या आत आहे. ते सौम्य आम्ल असले तरी निरुपद्रवी नाही. ते त्वचेतून आत शिरून ऊतींना व हाडांना गंभीर इजा करते.

दुसऱ्या आवर्ताचे वेगळेपण

प्रत्येक गणातील पहिले मूलद्रव्य आपल्याच गणातील इतरांपेक्षा वेगळे वागते, हे वाक्य पाठ असणे पुरेसे नाही. दुसऱ्या आवर्तातील अणू लहान असतात, त्यामुळे त्यांची पी ऑर्बिटले बाजूबाजूने एकमेकांवर नीट येऊ शकतात आणि मजबूत दुहेरी-तिहेरी बंध तयार होतात. खालच्या आवर्तांतील मोठ्या अणूंत हा मेळ दुबळा पडतो आणि एकेरी बंधांची संख्या वाढवणे अधिक फायद्याचे ठरते.

नायट्रोजन आणि फॉस्फरस यांची तुलना आकड्यांनिशी करून पाहावी. दोन नायट्रोजन अणूंमधील तिहेरी बंधाची ऊर्जा सुमारे ९४५ किलोज्यूल आहे, तर नायट्रोजन-नायट्रोजन एकेरी बंधाची १६० च्या आसपास, म्हणजे तीन एकेरी बंधांची मिळून ४८०. साहजिकच नायट्रोजन तिहेरी बंधाच्या द्विअणू रेणूच्या रूपात वायू म्हणून राहतो. फॉस्फरसमध्ये तिहेरी बंध सुमारे ४९० किलोज्यूलचा, तर एकेरी बंध सुमारे २०० चा, म्हणजे तीन मिळून ६०० चा. म्हणून फॉस्फरस एकेरी बंधांनी बांधलेल्या चार अणूंच्या रेणूच्या किंवा त्याहून मोठ्या रचनांच्या रूपात घन राहतो. पांढऱ्या फॉस्फरसच्या चतुष्फलकी रेणूत बंधांमधील कोन केवळ ६० अंशांचा असल्याने तो ताणलेला असतो, हवेत सहज पेटतो आणि म्हणून पाण्याखाली ठेवावा लागतो. कार्बन डायऑक्साइड वायू आहे आणि वाळूतील सिलिकॉन डायऑक्साइड उच्च तापमानाला वितळणारा कठीण घन आहे, यामागेही हेच कारण आहे.

दुसऱ्या आवर्तातील पहिल्या तीन मूलद्रव्यांचे साम्य आपल्या गणापेक्षा तिरप्या रेषेतील शेजाऱ्याशी अधिक आढळते. लिथिअम-मॅग्नेशिअम, बेरिलिअम-ॲल्युमिनिअम आणि बोरॉन-सिलिकॉन या जोड्यांच्या या नात्याला कर्णसंबंध म्हणतात. उजवीकडे जाताना आयनाचा प्रभार वाढतो व खाली जाताना आकार वाढतो, त्यामुळे तिरप्या दिशेने प्रभार आणि आकार यांचे गुणोत्तर जवळपास सारखे राहते. लिथिअम हवेत जळताना मॅग्नेशिअमप्रमाणे साधे ऑक्साइड आणि नायट्राइड देतो, सोडिअम मुख्यतः पेरॉक्साइड देतो, तर पोटॅशिअम सुपरऑक्साइड देतो. मोठा धनायन मोठ्या ऋणायनाला स्थैर्य देतो, हे तत्त्व या क्रमात स्पष्ट दिसते.

गणाच्या तळाशी होणारे बदल

तेराव्या, चौदाव्या आणि पंधराव्या गणांत खाली जाताना एक महत्त्वाचा बदल होतो. बाह्यतम एस ऑर्बिटलमधील दोन इलेक्ट्रॉन बंधात भाग घेण्यास नाखूश होत जातात. याला निष्क्रिय युग्म परिणाम म्हणतात. थॅलिअमची अधिक एक, शिशाची अधिक दोन आणि बिस्मथची अधिक तीन ही अवस्था म्हणूनच स्थिर असते. मधल्या डी आणि एफ ऑर्बिटलांतील इलेक्ट्रॉन परिरक्षणास दुबळे असल्याने एस इलेक्ट्रॉन केंद्रकाकडे अधिक घट्ट ओढले जातात, जड अणूंमध्ये सापेक्षतेचे परिणामही त्यात भर घालतात, आणि त्याच वेळी खालच्या मूलद्रव्यांचे बंध दुबळे झाल्याने त्या दोन इलेक्ट्रॉनांना बाहेर काढण्याचा खर्च बंधांतून भरून निघत नाही.

या तत्त्वाचा उपयोग अभिक्रियांचे भाकीत करण्यासाठी करावा. कथिलाची अधिक चार अवस्था तुलनेने अधिक स्थिर असल्याने अधिक दोन अवस्थेतील स्टॅनस क्लोराइड क्षपणक म्हणून वागते. मर्क्युरिक क्लोराइडच्या द्रावणात ते घातल्यास प्रथम पांढरा अवक्षेप मिळतो आणि अधिक घातल्यास पारा सुटून तो करडा होतो. शिशाच्या बाबतीत चित्र उलटे आहे: अधिक चार अवस्थेतील लेड डायऑक्साइड प्रबळ ऑक्सिडक आहे, आणि वाहनांच्या शिसे-आम्ल बॅटरीतील धन पट्टीवर नेमका हाच पदार्थ काम करतो.

डी इलेक्ट्रॉनांच्या दुबळ्या परिरक्षणाचा परिणाम गॅलिअममध्येही दिसतो. ॲल्युमिनिअमच्या खाली असूनही गॅलिअमचा अणू त्याच्यापेक्षा मोठा नाही, आणि दोघांच्या पहिल्या आयनन ऊर्जा ५७८ व ५७९ किलोज्यूल, म्हणजे जवळपास सारख्या आहेत. गणात खाली जाताना आयनन ऊर्जा कमी होतेच, असे सरसकट विधान करण्यापूर्वी हे आकडे आठवावेत.

ऑक्साइडांवरून मूलद्रव्याची पारख

मूलद्रव्य धातूकडे झुकते की अधातूकडे, हे ठरवण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे त्याच्या ऑक्साइडाचे वर्तन पाहणे. तिसऱ्या आवर्तात सोडिअमचे ऑक्साइड तीव्र आम्लारिधर्मी, मॅग्नेशिअमचे आम्लारिधर्मी, ॲल्युमिनिअमचे उभयधर्मी, सिलिकॉनचे सौम्य आम्लधर्मी, आणि फॉस्फरस, गंधक व क्लोरीन यांची सर्वोच्च ऑक्साइडे उत्तरोत्तर तीव्र आम्लधर्मी असतात. विद्युतऋणता वाढत गेली की ऑक्सिजनाशी होणारा बंध आयनिककडून सहसंयुजकडे सरकतो, आणि पाण्याशी संयोग झाल्यावर हायड्रॉक्साइड आयन सुटण्याऐवजी हायड्रोजन आयन सुटू लागतो.

उभयधर्मी म्हणजे आम्ल आणि अल्क या दोहोंशी अभिक्रिया करणारा. महाराष्ट्रात कोल्हापूर, रत्नागिरी आणि रायगड जिल्ह्यांतील जांभ्या खडकाच्या पठारांवर बॉक्साइट हे ॲल्युमिनिअमचे खनिज सापडते, आणि त्यात लोहाची ऑक्साइडेही मिसळलेली असतात. बायर यांच्या पद्धतीत हे खनिज कॉस्टिक सोड्याच्या तप्त द्रावणात दाबाखाली तापवतात. ॲल्युमिनिअमचे उभयधर्मी संयुग त्यात विरघळते, लोहाचे आम्लारिधर्मी ऑक्साइड न विरघळता लाल चिखलाच्या रूपात मागे राहते. द्रावणातून मिळालेले हायड्रॉक्साइड भाजून ॲल्युमिना तयार करतात, आणि वितळलेल्या क्रायोलाइटमध्ये तो विरघळवून सुमारे ९५० अंश तापमानाला विद्युत अपघटनाने धातू मिळवतात. क्रायोलाइट नसता तर सुमारे २०५० अंशांच्या वर वितळणारा ॲल्युमिना वितळवण्यासाठीच प्रचंड ऊर्जा खर्ची पडली असती. तक्त्यातील ‘उभयधर्मी’ या एका नोंदीवर एवढा मोठा उद्योग उभा आहे, हे विद्यार्थ्यापर्यंत पोहोचवणे शिक्षकाचे काम आहे.

आयनांचा आकार आणि क्षारांचे वर्तन

दुसऱ्या गणातील कार्बोनेटांचा अभ्यास करताना आयनाच्या आकारावर लक्ष केंद्रित करावे. लहान धनायन शेजारच्या मोठ्या ऋणायनाचा इलेक्ट्रॉन मेघ आपल्याकडे खेचून विकृत करतो. याला ध्रुवण म्हणतात. मॅग्नेशिअमचा आयन लहान असल्याने त्याचे कार्बोनेट तुलनेने कमी तापमानाला विघटित होते, कॅल्शिअम कार्बोनेटाला सुमारे ९०० अंश लागतात, आणि बेरिअम कार्बोनेटाला त्याहूनही बरेच अधिक. भट्टीत चुनखडी भाजून कळीचा चुना मिळवण्याची जुनी रीत याच विघटनावर आधारलेली आहे. कळीच्या चुन्यावर पाणी पडले की मोठी उष्णता बाहेर पडून विरी गेलेला चुना, म्हणजे कॅल्शिअम हायड्रॉक्साइड, तयार होतो, आणि चुन्याच्या निवळीत कार्बन डायऑक्साइड सोडला की कॅल्शिअम कार्बोनेट पुन्हा तयार होऊन ती दुधाळ होते.

विद्राव्यतेचा विचार करताना दोन राशींची स्पर्धा ध्यानात घ्यावी: क्षाराचा स्फटिक मोडण्यासाठी लागणारी जालक ऊर्जा आणि सुट्या आयनांच्या सजलनातून मिळणारी ऊर्जा. सल्फेटसारखा ऋणायन मोठा असल्याने धनायन बदलला तरी जालक ऊर्जा फारशी बदलत नाही, मात्र गणात खाली जाताना सजलन ऊर्जा घटत जाते; म्हणून मॅग्नेशिअम सल्फेट पाण्यात सहज विरघळते आणि बेरिअम सल्फेट जवळजवळ विरघळत नाही. हायड्रॉक्साइड आयन लहान असल्याने तेथे जालक ऊर्जा झपाट्याने घटते आणि विद्राव्यता उलट वाढत जाते. बेरिअमचे विद्राव्य क्षार विषारी असूनही बेरिअम सल्फेट पोटाच्या क्ष-किरण तपासणीत रुग्णाला पाजता येते, ते त्याच्या या अविद्राव्यतेमुळे.

घरातल्या तुरटीतही आयनाचा आकार व प्रभार यांचेच कार्य दिसते. ॲल्युमिनिअमचा तीन धनप्रभारांचा लहान आयन आपल्याभोवतीच्या पाण्याच्या रेणूंचे ध्रुवण करतो, त्यातून हायड्रोजन आयन सुटून द्रावण आम्लधर्मी होते आणि चिकट ॲल्युमिनिअम हायड्रॉक्साइड तयार होऊन गढूळ पाण्यातील मातीचे कण त्याच्यासह तळाशी बसतात.

अभिक्रिया लिहिताना ऑक्सिडीकरण अंक

पी-खंडातील अधातूंच्या अभिक्रिया संख्येने अधिक असल्याने पाठांतराचा मोह तेथे अधिक होतो. त्याऐवजी प्रत्येक अभिक्रियेत मध्यवर्ती मूलद्रव्याचा ऑक्सिडीकरण अंक आधी व नंतर किती आहे हे लिहावे, आणि गेलेले व आलेले इलेक्ट्रॉन जुळवावेत. क्लोरीन थंड व विरल कॉस्टिक सोड्यात सोडल्यास क्लोराइड व हायपोक्लोराइट मिळतात. तप्त व संहत द्रावणात क्लोराइड व क्लोरेट मिळतात. दोन्ही ठिकाणी क्लोरीनचे काही अणू क्षपित आणि काही ऑक्सिडीकृत होतात. या प्रकाराला डिसप्रपोर्शनेशन म्हणतात. क्लोरेटमध्ये क्लोरीनचा अंक शून्यावरून अधिक पाचवर जातो, म्हणजे एक अणू पाच इलेक्ट्रॉन देतो आणि ते घेण्यासाठी पाच अणूंना क्लोराइड व्हावे लागते. क्लोरीनचे तीन रेणू आणि सोडिअम हायड्रॉक्साइडाचे सहा यांपासून सोडिअम क्लोराइडाचे पाच, सोडिअम क्लोरेटचा एक आणि पाण्याचे तीन रेणू मिळतात, हे समीकरण या एका विचारातून कागदावर उतरवता येते.

स्पष्टीकरणांचीही तपासणी

कार्बन टेट्राक्लोराइडवर पाण्याचा परिणाम होत नाही, तर सिलिकॉन टेट्राक्लोराइडचे पाण्याने तत्काळ विघटन होते. सिलिकॉनजवळ रिकामी डी ऑर्बिटले असतात व कार्बनजवळ नसतात, असे याचे कारण अनेक पाठ्यपुस्तकांत दिलेले असते, आणि सल्फर हेक्साफ्लोराइडातील सहा बंधांसाठीही हेच कारण सांगितले जाते. आधुनिक गणनांनुसार अशा रेणूंच्या बंधांत डी ऑर्बिटलांचा वाटा अल्प असतो. मध्यवर्ती अणूचा मोठा आकार आणि बंधांची ध्रुवीयता ही अधिक महत्त्वाची कारणे आहेत. कार्बन टेट्राक्लोराइडाचे विघटन ऊर्जेच्या दृष्टीने अनुकूल असूनही घडत नाही, कारण लहान कार्बन अणू चार मोठ्या क्लोरीन अणूंनी वेढलेला असल्याने पाण्याच्या रेणूला त्याच्यापर्यंत पोहोचता येत नाही. परीक्षेतील उत्तर नेमलेल्या पुस्तकाच्या भाषेत लिहावे, परंतु पुढील अभ्यासासाठी हा सुधारलेला विचार जाणून ठेवावा.

तक्ता, भाकीत आणि लेखन

प्रत्यक्ष अभ्यासाचा क्रम असा ठेवावा. प्रत्येक गणासाठी एक पान घेऊन त्यावर मूलद्रव्यांची त्रिज्या, आयनन ऊर्जा, विद्युतऋणता, वितळणबिंदू आणि स्थिर ऑक्सिडीकरण अवस्था यांचा तक्ता स्वतः तयार करावा, आणि जेथे क्रम मोडतो त्या जागेवर खूण करून शेजारी एका वाक्यात कारण लिहावे. त्यानंतर हायड्रोजन, ऑक्सिजन, हॅलोजन, पाणी, आम्ल आणि अल्क या सहांशी त्या गणातील मूलद्रव्यांच्या अभिक्रिया त्याच क्रमाने मांडाव्यात, म्हणजे निरनिराळ्या गणांची तुलना आपोआप होत जाते. शेवटी गणातील एखादे मूलद्रव्य झाकून त्याचे गुणधर्म वरच्या व खालच्या शेजाऱ्यांवरून ओळखावेत आणि मग पुस्तकाशी ताडून पाहावेत.

ही भाकिताची रीत या शास्त्राच्या इतिहासातच रुजलेली आहे. मेंडेलीव यांनी १८७१ मध्ये सिलिकॉनच्या खालील रिकाम्या जागेसाठी सुमारे ७२ अणुवस्तुमान आणि ५.५ घनता असलेल्या मूलद्रव्याचे वर्णन केले होते. १८८६ मध्ये विंक्लर यांनी जर्मेनिअम शोधले तेव्हा त्याचे अणुवस्तुमान सुमारे ७२.६ आणि घनता सुमारे ५.३५ भरली. नील बार्टलेट यांनी १९६२ मध्ये प्लॅटिनम हेक्साफ्लोराइड ऑक्सिजन रेणूतून इलेक्ट्रॉन काढून घेते हे पाहिल्यावर ऑक्सिजन रेणूची आयनन ऊर्जा ११७५ आणि झेनॉनची ११७० किलोज्यूल असल्याचे लक्षात घेतले, झेनॉनवर तोच प्रयोग केला आणि राजवायूचे पहिले संयुग मिळवले. राजवायू संयुगे बनवत नाहीत हा त्या काळी प्रस्थापित समज होता, आणि दोन आकड्यांच्या तुलनेने तो मोडला.

स्वयंपाकघर, किराणा दुकान आणि बाजार येथे मिळणाऱ्या खाण्याचा सोडा, धुण्याचा सोडा, टाकणखार, सोरा, नवसागर, गंधक, तुरटी आणि चुना या पदार्थांची यादी करून प्रत्येकाच्या उपयोगामागील रसायनशास्त्र लिहून काढणे हाही उत्तम सराव आहे. तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करताना तापलेल्या भांड्यावर नवसागर टाकतात. त्याचे अमोनिआ व हायड्रोजन क्लोराइड यांत विघटन होते, हायड्रोजन क्लोराइड धातूवरील ऑक्साइडाचा थर काढून टाकतो, आणि २३२ अंशांना वितळणारे कथील स्वच्छ पृष्ठभागावर घट्ट पसरते. एका पारंपरिक कारागिरीत पंधराव्या, सतराव्या आणि चौदाव्या गणांचे रसायनशास्त्र असे एकत्र येते.

प्रयोग आणि सुरक्षितता

हा विषय प्रयोगाशिवाय अपुरा राहतो, परंतु प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखाली, डोळ्यांना चष्मा लावूनच करावेत. सोडिअम केरोसीनमध्ये ठेवावा, त्याचा अगदी लहान तुकडा वापरावा आणि उरलेला तुकडा पाण्याच्या नळाखाली कधीही टाकू नये. जळत्या मॅग्नेशिअमवर पाणी किंवा कार्बन डायऑक्साइडचे अग्निशामक वापरू नये, कारण मॅग्नेशिअम पाण्यातून हायड्रोजन सोडवतो आणि कार्बन डायऑक्साइडमध्येही जळत राहून कार्बन मागे ठेवतो. अशी आग कोरड्या वाळूने विझवावी. संहत सल्फ्युरिक आम्ल विरल करताना आम्ल पाण्यात हळूहळू ओतावे, पाणी आम्लात ओतू नये. पांढऱ्या फॉस्फरसचे प्रयोग शाळेत करूच नयेत.

घरातही एक पथ्य कसोशीने पाळावे. ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचचे द्रावण आणि शौचालय साफ करण्याचे आम्लयुक्त द्रव एकत्र मिसळू नयेत, कारण आम्लामुळे हायपोक्लोराइट व क्लोराइड यांच्यापासून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद न्हाणीघरात तो प्राणघातक ठरू शकतो. अमोनिआयुक्त द्रवाशी ब्लीच मिसळल्यासही क्लोरामीन हे विषारी वायू तयार होतात. सतराव्या गणाचा धडा शिकलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याने ही गोष्ट घरातील सर्वांना समजावून सांगावी.

मुख्य गणांचे रसायनशास्त्र पाठांतराने पेलणारे नाही आणि त्याची गरजही नाही. काही माहिती लक्षात ठेवावी लागतेच, परंतु ती मोजक्या राशींच्या आधाराने बांधलेली असली की टिकते आणि अनोळखी प्रश्नातही उपयोगी पडते. विद्यार्थ्यांनी दररोज एक गुणधर्म किंवा एक अभिक्रिया निवडावी, तिच्यामागील राशी शोधाव्यात, शक्य तेथे आकडे मांडून हिशेब करावा आणि निष्कर्ष स्वतःच्या शब्दांत वहीत लिहावा. शिक्षकांनीही प्रश्नपत्रिका काढताना ‘काय होते’ याच्या जोडीला ‘का होते’ हे आवर्जून विचारावे.